पाणी वाईन

पत्र आलं तेव्हा हौसा मिठागरात होती, पोटऱ्यांपर्यंत चिखलात. तिची सून दिपिका एका हातात चपला आणि दुसऱ्या हातात पाकीट घेऊन बांधावरून अशी धावत येत होती, की लांबून बघणाऱ्याला वाटावं, हिच्यामागं रानडुक्कर लागलंय.

"आई! ओ आई! पत्र आलंय!"

"कोन मेला?" हौसानं ओरडून विचारलं.

तिचं चुकलं नव्हतं. चिंचखार गावात पत्र दोनच कारणांनी यायचं. एक तर कोणीतरी मेलेलं असायचं, नाहीतर सरकारनं काहीतरी नाकारलेलं असायचं.

"कोणी मेलं नाय! आई, पाणी येतंय!"

हातातलं फावडं हौसानं तिथंच सोडलं. मीठ ओढणाऱ्या बाकीच्या बायकाही हातातली कामं टाकून बांधावर चढल्या. चिंचखारला पाणी म्हणजे खाडीचं, तीन बाजूंनी, आणि गावातल्या विहिरीचंही खारट, फार तर डाळ शिजवण्यापुरतं. प्यायचं पाणी आणायला बायका बांधाबांधानं दीड तास चालत गडबच्या विहिरीवर जायच्या आणि हंडा डोक्यावर घेऊन दोन तासांनी परत यायच्या. हौसानं नळासाठी अकरा वर्षं अर्ज केले होते. शेवटच्या अर्जाला कचेरीतून उत्तर आलं होतं, 'आपल्या गावाच्या तिन्ही बाजूंस पाणी असल्याचे नकाशावरून दिसते, सबब टंचाई ग्राह्य धरता येत नाही.'

दिपिका नववी शिकलेली. तिनं घसा खाकरून वाचलं, "'रोहा वाईन क्लबतर्फे सप्रेम नमस्कार. आपल्या गावाची अडचण लक्षात घेऊन आमच्या क्लबने समाजसेवा निधीतून आपणांस गोड्या पाण्याची सोय करून देण्याचे ठरविले आहे. येत्या रविवारी सकाळी क्लबच्या वार्षिक मेळाव्यात ही घोषणा होईल. तरी महिला मंडळाच्या अध्यक्षांनी अवश्य यावे. आपली, सौ. अनिता, सचिव.'"

मग धोंडुबाई, मंडळाची उपाध्यक्ष, पासष्टीची, अंगानं काटक आणि जिभेनं तिखट, तिनं विचारलं, "पन वाईन म्हंजे काय गो?"

"एवढं कळत नाय?" हौसा म्हणाली. "गेल्या साली तू देवीला काय बोललीस?"

"पोराला कंपनीत लावलंस तर खण-नारळ वाईन."

"मग! ते पन तसंच बोललेत. पाणी वाईन. सेवा वाईन. नवस बोललेली मानसं हायत ती."

"आगो बाय!" धोंडुबाईनं तिथल्या तिथं रोह्याच्या दिशेला हात जोडले.

आता पेणच्या बाजारात असल्या मालाचं दुकान नव्हतं असं नाही. पण त्याची पाटी इंग्रजीत, आणि गावात त्या दुकानाला कोणी वाईनबीन म्हणत नसे. गावाच्या लेखी दारूच्या दोनच जाती. एक हातभट्टी, दुसरी इंग्लिस. दिपिकाला मनात कुठंतरी जरा चुटपुट लागली. पण चारचौघींत सासूनं सांगितलेला अर्थ सुनेनं दुरुस्त करायची पद्धत चिंचखारला अजून पोचली नव्हती. पाण्यासारखीच.

बांधावर बसून विडी ओढणारा हौसाचा नवरा नाथा तेवढ्यात जोरात हसला, मग ते हसू खोकल्यात घातलं आणि डोळे पुसत म्हणाला, "मी पन येतो रविवारी."

हौसानं त्याच्याकडं वळून बघितलं. हा माणूस तिच्या मंडळाच्या कुठल्याच कार्यक्रमाला येत नसे, आणि त्याला कारणही होतं. मंडळाचं पूर्ण नाव 'दारूबंदी महिला मंडळ, चिंचखार'. दोन वर्षांपूर्वी मंडळानं गावातली हातभट्टीची चौदा मडकी फोडली, त्यातलं पहिलं मडकं नाथाचं. ते हौसानं स्वतःच्या हातानं फोडलं होतं, आणि नाथा त्या दिवशी मयताला बसावा तसा बसून राहिला होता.

"तुमाला कशाला यायचंय?"

"गावाला पाणी येतंय आन् मी घरी बसू?" नाथा म्हणाला, आणि एवढ्या भक्तिभावानं म्हणाला की हौसाला गहिवरूनच आलं.

अध्यक्षांनी, म्हणजे हौसानं, यावं असं पत्रात होतं. पण अकरा वर्षांनी पाणी येतंय म्हटल्यावर एकटी अध्यक्ष जाते होय? रविवारी सकाळीच केरूचा मिठाचा ट्रक देवळापुढं उभा राहिला. केरू ट्रकचा मालकही आणि ड्रायव्हरही. त्यानं हौदा धुतला होता. पण वीस वर्षांचं मीठ एका धुण्यानं जात नाही, त्यामुळं बायका बसल्या त्या लोणच्यातल्या फोडींसारख्या. चाळीस बायका, चाळीस घासलेले हंडे, सगळ्यांच्या पदराला मंडळाचे बिल्ले. कोपऱ्यात एकटा नाथा, दाढी केलेला, इस्त्रीचा सदरा, जावई दिसावा तसा.

दिपिकानं जुन्या धोतरावर निळीनं फलक लिहिला होता. हौसानं सांगितलं तसाच: 'दारूबंदी महिला मंडळ. आम्हीही वाईन!'

ट्रक हमरस्त्याला लागला आणि धोंडुबाईनं घोषणा सुरू केली.

"पाणी कोन वाईल?"

"आमी वाईन!"

"सेवा कोन वाईल?"

"आमी वाईन!"

"वाईन वाईन..."

"पोटभर वाईन!"

हे शेवटचं मात्र कोणाला सुचलं ते नंतरही कळलं नाही. बायका कोपऱ्यात बघायच्या तर नाथा आभाळाकडं बघत बसलेला.

गडबच्या नाक्यावर चहावाल्याच्या हातातली किटली कलली आणि चहा गिऱ्हाइकाच्या मांडीवर गेला. गिऱ्हाइक ओरडलं नाही. ते तोंड उघडं टाकून फलक वाचत होतं. नागोठण्याला फाट्यावरच्या हवालदारानं ट्रक अडवला, फलक दोनदा वाचला, बिल्ले वाचले आणि केरूला बाजूला घेऊन विचारलं, "नक्की बंदी पायजे का चालू पायजे?"

"साहेब, पाणी पायजे," केरू म्हणाला.

"पाणी घालूनच घेतात," हवालदार म्हणाला आणि ट्रक सोडला.

भिसे खिंड उतरून रोहा आलं तेव्हा हौसाचा घसा बसला होता. पण छाती अशी भरून आली होती की मांडीवरचा हंडा हलायला लागला. सगळ्या वाटेनं लोक हात हलवत होते, शिट्ट्या मारत होते. दुचाकीवरून शिफ्टला निघालेली धाटावची पोरं 'आमीपन! आमीपन!' ओरडत ट्रकमागं लागली होती. पाण्याची लोकांना इतकी कदर आहे हे हौसाला माहीतच नव्हतं.

क्लब होता कुंडलिकेच्या काठी. धाटावच्या कारखान्यांतले साहेबलोक घरच्या घरी जांभळाची, करवंदाची, अननसाची वाईन करायचे आणि महिन्यातून एकदा जमून एकमेकांना पाजायचे. नुसतं प्यायचं म्हटलं तर बायका रागावतात. समाजसेवेसाठी म्हटलं तर त्याच सचिव होतात. म्हणून क्लबाला समाजसेवा जोडलेली. आदल्या वर्षी क्लबानं एका शाळेला दीडशे छत्र्या वाटल्या होत्या, जानेवारीत. हे सगळं हौसाला मागाहून कळलं. त्या घडीला तिला दिसला तो हिरव्यागार गवतावरचा मांडव, पांढरे टेबलक्लॉथ आणि चाळीस बायका हंडे वाजवत आत शिरताना बघून हर्षानं उड्या मारायच्या बेतात आलेली एक बाई. याच अनिता मॅडम.

"अहो, फलक बघा फलक!" मॅडम नवऱ्याला म्हणाल्या. नवरा म्हणजे कंपनीतले मोठे साहेब आणि क्लबाचे अध्यक्ष. "आम्हीही वाईन! आपण उगाच म्हणतो, खेड्यात जागृती नाही!"

"वंडरफुल," साहेब म्हणाले. एका पेपरच्या वार्ताहरानं धडाधड तीन फोटो काढले.

"बाई, तुमी वाईन बोललात, तुमचं कल्याण होवो," हौसा मॅडमचा हात धरून म्हणाली. "आमी पन मागं हटणार नाय. तुमी सांगाल तेवढं वाईन."

मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं.

मग ट्रे आले. बारके काचेचे पेले, तळाशी बोटभर लालजांभळा रस. बायका खूष झाल्या. दोन तास ट्रकात तापून आल्यावर आमसुलाचं सरबत! हौसानं पेला उचलला, ओठाला लावायच्या आधी सवयीनं नाकाशी नेला, आणि ती जागच्या जागी थिजली.

हा वास तिनं चौदा वेळा फोडला होता. जरा अत्तर लावलेला होता, पण तोच.

तिनं नवऱ्याकडं बघितलं. नाथाचा पेला रिकामा झाला होता. डोळे मिटलेले, चेहरा असा निवलेला, की लग्नाच्या बोहल्यावरसुद्धा तो इतका निवलेला दिसला नव्हता.

"ओ. काय हाय हे?"

"वाईन," नाथा डोळे न उघडता म्हणाला.

"काय वाईन?"

"नुसती वाईन. नावच ते हाय तिचं. इंग्लिसची थोरली भैन."

"तुमाला ठावं होतं?"

"पैल्या दिसापासून."

"मग बोललात का नाय?"

"तू विचारलंस कुठं? तू तर अर्थ सांगत होतीस."

हौसाच्या कानांतून वाफ निघायची बाकी राहिली. तेवढ्यात पलीकडून धोंडुबाईचा आवाज आला, "गो हौसे! ही तर दारू हाय! घ्या गो हंडे! फोडा!" आणि तिनं हंडा डोक्यावर उगारलासुद्धा. समोरच्या टेबलावर बाराच्या बारा बाटल्या, गळ्यात नंबराच्या चिठ्ठ्या घालून, नवरीसारख्या उभ्या होत्या.

हौसानं धावत जाऊन धोंडुबाईचा हात वरच्या वर धरला. बाटल्या फोडाव्या तर पाणी गेलं. अकरा वर्षांचं गेलं. न फोडाव्या तर मंडळ गेलं, उद्यापासून गावातली मडकी पुन्हा चुलीवर चढणार आणि पहिलं चढणार ते तिच्याच घरात.

"सोड माजा हात!"

"थांब गो, जरा थांब!"

मांडवातली साहेबमंडळी कौतुकानं बघत होती. त्यांना वाटलं, काहीतरी लोकनृत्य चाललंय.

अनिता मॅडम लगबगीनं आल्या. "हौसाताई, एक अडचण झालीय. मुंबईहून परीक्षक यायचे होते, त्यांची गाडी वडखळला बंद पडलीय. आता फोन आला. तर आजचा परीक्षकाचा मान तुमचा! सगळ्या बाटल्या चाखायच्या आणि निकाल द्यायचा."

"आमी दारू पीत नाय," हौसा दात आवळून म्हणाली.

"अहो, प्यायची नसतेच मुळी! तोंडात घ्यायची, घोळवायची आणि थुंकायची. ही बघा, बादली ठेवलीय."

"थुंकायची?"

"हो. पद्धतच आहे तशी. परदेशात मोठमोठे लोक थुंकतात."

हौसानं बादलीकडं बघितलं. मग बाटल्यांकडं, मग धोंडुबाईकडं. हंडा अजून हवेतच होता.

"सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोरच."

"म्हंजे बाई, नीट सांगा. तुमी आमाला बोलावलंत, ते आमी तुमच्या दारूवर थुंकायला?"

"अगदी बरोबर!" मॅडम म्हणाल्या. "आणि जितकं मनापासून कराल तितकं चांगलं!"

"आमी चाळीस जणी हायत."

"मग चाळीस जणी थुंका की! अहो, आणखी दोन बादल्या आणा रे!"

धोंडुबाईचा हंडा सावकाश खाली आला. "गो हौसे," ती कुजबुजली, "पन आपून शपथ घेतलीय."

"न प्यायची घेतलीय. थुंकू नये असं कुठं बोललो?"

धोंडुबाईनं हा मुद्दा तोंडात घोळवला. तिला तो पटला. कमरेला पदर खोचत ती म्हणाली, "सरका मग. पयली मी."

त्या दिवशी जे झालं तसं थुंकणं रोह्यानं पूर्वी पाहिलं नव्हतं. साहेबलोक थुंकायचे ते रुमाल ओठाशी धरून, चिमणीनं चोच पुसावी तसं. चिंचखारच्या बायका लहानपणापासून मिशेरी लावलेल्या. त्यांची पिंक बांधाच्या या कडेवरून त्या कडेला जायची. धोंडुबाईनं चार हातांवरून बादलीच्या मधोमध नेम मारला आणि वर म्हणाली, "माज्या बापाला खाल्लंस. थू!" मागची म्हणाली, "माज्या दिराची नोकरी घालवलीस. थू!" तिसरीनं आधी डोळे पुसले आणि मग ती अशी थुंकली की बादली सरकली.

"काय पॅशन आहे!" एक टाय लावलेले साहेब म्हणाले, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. टाळ्या ऐकून बायकांना आणखी चेव आला. दारूबंदीला एवढे शिकलेले लोक टाळ्या वाजवतात हे त्यांनी पहिल्यांदाच बघितलं. नाथा रांगेत सात वेळा लागला आणि सातही वेळा बादलीपाशी जाऊन नुसता वाकून आला.

निकाल मात्र हौसानं मनापासून दिला. काम अंगावर घेतलं की ते नीट करायचं, ही तिची खोड. शिवाय जिभेचं काम तिला नवं नव्हतं. मिठागरात एका कोंडीतलं, म्हणजे वाफ्यातलं, पाणी पुढच्या कोंडीत कधी सोडायचं ते ठरतं पाण्याच्या चवीवर, आणि मिठागराच्या मालकानं बोट बुडवून चाखायचं ते काम वीस वर्षं तिलाच दिलं होतं.

"ही एक नंबरची. साखर लय. लगीनघरचं सरबत." थू. "चार नंबरला घाई झालीय, पिकायच्या आधीच उतरवलीय." थू. "नऊ नंबरची रॉकेलच्या डब्यात ठेवलीवती."

टाय लावलेले साहेब लाल झाले. "धुतला होता हो डबा," ते पुटपुटले.

"अकरा नंबर." हौसा थांबली. ती थुंकली ती जरा हळूच. "ही चांगली हाय. जांभळं कुणीतरी एकेक करून निवडलीत. बाईमानसाचा हात हाय."

अनिता मॅडमनी चक्क उडी मारली. अकरा नंबर त्यांची होती, आणि बारा नंबर त्यांच्या नवऱ्याची. गेली चार वर्षं पहिलं बक्षीस नवऱ्यालाच मिळत होतं, कारण मुंबईचा परीक्षक त्यांचाच मित्र.

बारा नंबर यायच्या आधी साहेब स्वतः माईकपाशी गेले.

"मित्रहो, ही वाईन खास आहे. गेल्या उन्हाळ्यात आपल्या क्लबनं चिंचखारच्या शेवटच्या बांधापलीकडं, गाजावाजा न करता, बोअर मारली. गोडं पाणी लागलं! त्याच पाण्यात मी ही जांभळाची वाईन केली आहे. आज त्या बोअरवर पंप बसवून आपण ते पाणी गावाला अर्पण करत आहोत!"

टाळ्या. हंडे वाजले. बायका एकमेकींच्या गळ्यात पडल्या. हौसानंही हसत हसत पेला घेतला, घोट तोंडात घोळवला, थुंकली.

आणि हसू विरलं.

तिनं पुन्हा घोट घेतला. पहिली चव फळाची. मधली साखरेची. आणि शेवटाला, जिभेच्या मुळापाशी, बारीकशी, तिच्या रोजगाराची चव.

"काय गो?" धोंडुबाईनं विचारलं.

"खारं हाय," हौसा हळूच म्हणाली. "बोअरमधी खाडी शिरतेय. दोन म्हैने पंप चालला की त्या पान्यात मीठ पिकंल."

धोंडुबाई तिच्या कानाला लागली. "गप र्‍हा, हौसे. खारं तर खारं. नळ तर येईल. आज 'नको' बोललीस तर पुन्ना अकरा वरसं कोन बगतोय?"

साहेब हसतमुखानं उभे होते. वार्ताहरानं कॅमेरा डोळ्याला लावला होता. समोर चाळीस बायका, कडेवर चाळीस हंडे, लग्नाला आल्यासारखे चेहरे. हौसाला वाटलं, एक शब्द बोलावा, 'चांगली', आणि ट्रकात बसावं. पण मग दोन महिन्यांनी हेच चाळीस हंडे पुन्हा गडबच्या वाटेला लागणार, आणि कचेरीत कागद तयार असणार की चिंचखारला नळ आहे. मग कोण देणार पाणी?

"साहेब," ती म्हणाली, "तुमचं पाणी खारं हाय."

मांडवात हशा पिकला. साहेबही हसले. "बाई, आम्ही केमिकलवाले. लॅबमध्ये तपासलंय. गोडं निघालं."

"कधी तपासलंत?"

"बोअर लागली त्या दिवशी."

"आन् वाईनला पाणी कधी नेलंत?"

"दहा दिवस पंप चालवून बघितला, मग."

"तेवढ्यात खाडी आली. वरचं गोडं पाणी तुमी उपसून टाकलंत, साहेब. खालचं खारं, आमच्या मिठागरवाल्या मालकाचं हाय."

आता हशा झाला नाही. रितेश नावाचा एक तरुण केमिस्ट होता, त्याला राहवेना. तो बारा नंबरची बाटली काखेत मारून स्कूटरवर धाटावच्या लॅबकडं पळाला. त्या पाऊण तासात मांडवात कोणी बसलं नाही. कोणी म्हणे बाईची जीभ, कोणी म्हणे कंपनीची लॅब. दोन साहेबांनी तर पैज लावली. धोंडुबाई हौसाशी बोलत नव्हती. नाथा तेवढ्यात नऊ नंबर संपवत होता. त्याला रॉकेल चालत होतं.

स्कूटर परत आली ती फाटकापासूनच हॉर्न वाजवत. रितेशच्या हातात काचेची नळी, नळीत ताकासारखं पांढरं.

"सर! क्लोराइड!"

"किती?"

"सर..." रितेशनं साहेबांकडं बघितलं, मग नळीकडं. "भाजीला पुरेल एवढं."

मांडव दणाणला. बायका नाचायला लागल्या आणि मध्येच थांबल्या, कारण नेमकं काय जिंकलो तेच त्यांना कळेना. साहेबांचा चेहरा बारा नंबरसारखाच झाला होता. "असं असेल तर," ते माईकवर म्हणाले, "हा प्रोजेक्ट रद्द करावा लागेल."

हौसा मटकन गवतावर बसली. झालं. स्वतःच्या जिभेनं तिनं स्वतःचं पाणी तोडलं होतं.

"रद्द का म्हणून?" मॅडमनी माईक खसकन काढून घेतला. पहिलं बक्षीस अंगात भिनलं होतं. "गडबपर्यंत मोठी पाईपलाईन आलेली आहे. तिथून चिंचखारला पाईप टाकायचा!"

"अगं, केवढे पाईप लागतील! कोण देणार?"

तेवढ्यात नऊ नंबरवाले साहेब गवतात उकिडवे बसून हौसाला म्हणत होते, "ताई, घरी माझी अननसाची आहे, डब्यातली नाही हो, बरणीतली. एकदा सांगाल का, कुठं चुकतंय?" त्यांच्या मागं आणखी एक. त्याच्या मागं दोघे. बघता बघता हौसाभोवती साहेबांचं कोंडाळं झालं. मुंबईचा परीक्षक चार वर्षं सगळ्यांना 'छान' म्हणत होता. खरं सांगणारं माणूस त्यांना आजच भेटलं होतं.

मॅडमच्या डोळ्यांत वीज चमकली. "रांगेत! रांगेत या! हौसाताईंनी एक बाटली चाखली की दहा पाईप! रोकड नको, पाईपच द्यायचे! ताई, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी याल?"

हौसानं धोंडुबाईकडं बघितलं. धोंडुबाईनं तोंड फिरवलेलंच होतं, पण मान मात्र हलली. व्हय.

"येऊ," हौसा उठत म्हणाली. "पन एकटी येणार नाय. चाळीस जणी. आन् थुंकणार."

"थुंकाच!" सगळे साहेब एका सुरात म्हणाले.

"मी पन," मागून नाथा म्हणाला.

"तुमी बादल्या धुवायला."

दुसऱ्या दिवशी एका पेपरात बातमी आली, 'ग्रामीण महिलांचा वाईनला उदंड प्रतिसाद'. दुसऱ्यात आली, 'दारूबंदी मंडळाची वाईनवर जाहीर थू'. फोटो दोन्हीकडं एकच होता, धोंडुबाईचा. तिनं दोन्ही कात्रणं देव्हाऱ्यात लावली.

मग महिन्यामागून महिने चिंचखारचा ट्रक रोह्याला जात राहिला. साहेबांनी पाईप देता यावेत म्हणून वाईन केली की वाईन चाखून घ्यावी म्हणून पाईप दिले, ते त्यांनाही सांगता येईना. पण गडबच्या नाक्यावर पाईपांची रास वाढत गेली. पाईपलाईनच्या वाटेतल्या अरुंद बांधांवरून ट्रक जाईना तेव्हा बायकांनी डोक्यावरून एकेक पाईप वाहून नेला. मोठे साहेबही एकदा आले, पँट दुमडून, आणि चर खणताना चिखलात कमरेपर्यंत रुतले. त्यांना ओढून काढायला आठ बायका लागल्या. वर आल्यावर ते पहिलं काय बोलले? "हौसाबाई, या वेळची माझी बारा नंबर बघाच."

पुढच्या फेब्रुवारीत, एका मंगळवारी दुपारी, देवळापुढच्या नळाला पाणी आलं. आधी हवा आली, मग एक बेडूक, मग पाणी. चाळीस बायका एकदम ओरडल्या. हौसानं ओंजळ भरली, प्याली. आणि ओंजळ पुन्हा धरली.

त्या संध्याकाळी घरोघर नळाच्या पाण्यात स्वयंपाक झाला. डाळ अशी शिजली की पळीनं घोटायची गरज नाही. भात मोगऱ्यासारखा. हौसानं नाथाला पान वाढलं. त्यानं पहिला घास घेतला, थांबला, आणि तिच्याकडं घाबरून बघितलं.

"काय झालं?"

"काय नाय. जरा... अळणी हाय."

"अळणी कसं असंल? रोजच्याएवढंच मीठ घातलंय."

तेवढ्यात शेजारच्या ओटीवरून धोंडुबाईची हाक आली, "गो हौसे! तुझ्याकडं पन डाळीला चव नाय का गो?" पलीकडच्या घरातून तेच. खालच्या आळीतून तेच. तेव्हा कुठं हौसाच्या ध्यानात आलं. जन्मभर सगळ्यांनी गावातल्या खाऱ्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजवली होती. मिठाच्या गावात स्वयंपाकाला मीठ किती लागतं ते एकाही बाईला माहीत नव्हतं.

ती हसत हसत उठली, मडक्यात हात घातला आणि अंदाजानं एक मूठ मीठ डाळीत टाकलं. अंदाज साफ चुकला. नाथानं एकच घास खाल्ला आणि तांब्या तोंडाला लावला तो रिकामा करूनच खाली ठेवला. मग दुसरा भरून घेतला. मग तिसरा. समोर बसून हौसा बघत होती. त्या घरात पहिल्यांदाच त्याला कोणी 'बेतानं प्या' म्हणालं नाही.